पत्रिका छापायला देण्याआधी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

दादाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मिळाला. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, सगळं बरोबर आहे. एकच मागणं आहे. मोठ्या मावशीच्या नावाआधीचं 'गं. भा.' काढून टाका.

बाबा, तुम्ही ते मानानेच लिहिलंय, हे मला ठाऊक आहे. गंगा भागीरथी म्हणजे पवित्र, पूज्य. पण पत्रिका हातात घेणाऱ्याला त्यात गंगा दिसत नाही, 'हिचा नवरा गेला' एवढंच कळतं. त्याच यादीत काका आहेत. काकू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते लग्नाआधी श्री., लग्नानंतर श्री. आणि आजही श्री.च. विधुर हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो कुणी कुणाच्या नावाला चिकटवत नाही. बाईला मात्र कु., चि. सौ. कां., सौ., गं. भा. अशी दर टप्प्यावर नवी पाटी, आणि प्रत्येक पाटीवर नवऱ्याचीच खबर. होणाऱ्या वहिनीचंच बघा. दादाला नुसतं 'चि.', म्हणजे त्याला दीर्घायुष्य. तिला 'चि.'च्या जोडीला सौभाग्याची आकांक्षा, म्हणजे पुन्हा त्याचंच दीर्घायुष्य.

'श्रीमती' लिहू म्हणाल, तर तेही नको. हिंदीत श्रीमती म्हणजे लग्न झालेली बाई, पण आपल्याकडे ते वाचलं की लोक हळूच विचारतात, 'यजमान कधी गेले?' २०२३ साली तर 'विधवा'ऐवजी सरकारी कामकाजात गंगा भागीरथी हाच शब्द वापरावा असा विचार पुढे आला होता. त्यावर केवढी टीका झाली, तुम्ही वाचलीच असेल. त्याच्या आदल्याच वर्षी, मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला होता की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. मग राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. मावशी आज कुंकू लावते, तुम्हीच तिला तसा आग्रह केला होता. मग पत्रिकेत हा शिक्का कशाला?

आई, तुला वाटेल की नुसतं नाव कोरडं दिसतं. पण मान द्यायला आपल्याकडे 'बाई' होतीच की! खंडेराव गेले तरी अहिल्याबाई अहिल्याबाईच राहिल्या आणि त्याच नावाने त्यांनी राज्य केलं. १८९० साली जोतीराव गेले, सावित्रीबाईंच्या नावात एक अक्षर बदललं नाही. नवरा आहे की नाही याचा 'बाई'शी संबंधच नव्हता. तू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचीस तेव्हा अख्खं गाव तुला बाई म्हणायचं. तुझ्यासमोर चपला काढून उभे राहणारे पालक मला अजून आठवतात. आता आमच्या सोसायटीत 'आज बाई आली नाही' म्हणजे भांडी पडून आहेत, आणि शाळेतल्या बाई मॅडम झाल्या. इतका भारदस्त शब्द आपण स्वस्त केला याचं मला फार वाईट वाटतं. घरी भांडी घासायला येणारीलाही आपण तो पूर्वीच्याच आदराने का म्हणू नये?

मावशीला मी फोन करून विचारलं. आधी म्हणाली, 'तुझे बाबा लिहितील ते बरोबर.' मग थोडं थांबून म्हणाली, 'नुसतं नाव चालेल गं मला.'

तेव्हा कुणाच्याच नावाआधी काही नको, काकांच्याही नाही. आणि निमंत्रकांत मावशी सगळ्यात खाली आहे, तिला वर घ्या. ती आईहून मोठी आहे. छापखान्याशी मी बोलते, तुम्ही फक्त होकार कळवा.

तुमची,
धाकटी