सर्व्हरचं गाईड घेताना आधी व्हर्जन बघा

संपादक साहेब, नमस्कार.

कुपवाड एमआयडीसीत, मार्केट यार्डात आता बऱ्याच छोट्या ऑफिसात एखादा सर्व्हर असतोच आणि तो सांभाळायचं काम येतं अकाउंटवाल्या पोरावर, मग ते बिचारं स्वस्तात मिळतं म्हणून स्मॉल बिझनेस सर्व्हर २००३ नायतर २००८ चं जाडजूड जुनं गाईड घेऊन येतं. कृपा करून असं करू नका. मायक्रोसॉफ्टनं ते प्रॉडक्टच २०११ च्या व्हर्जननंतर बंद केलं, त्यात मेलसाठी एक्स्चेंज हे सॉफ्टवेअर सोबत यायचं, त्याच्या जागी पुढं आलेल्या विंडोज सर्व्हर इसेन्शियल्समधे ते नाहीच, म्हणजे मेलचे सगळे चॅप्टर वाया. विंडोज सर्व्हर २०१२ चा वाढीव (एक्स्टेंडेड) सपोर्टपण ऑक्टोबर २०२३ मधे संपला. आपल्या मशीनवर कुठलं व्हर्जन आहे ते बघूनच पुस्तक घ्या.

आणि दुकानात उभं राहून आधी बॅकअपचा चॅप्टर उघडा! नुसतं बॅकअप कसा घ्यायचा एवढंच असेल तर ठेवून द्या, रिस्टोर करून, म्हणजे बॅकअपमधनं डेटा परत आणून, कसं तपासायचं आणि एक कॉपी दुसऱ्या जागी कशी ठेवायची हे पाहिजेच पाहिजे. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा सर्व्हरशेजारीच ठेवलेल्या डिस्कचा काय उपयोग?

परीक्षेची गाईडं वेगळी, ती प्रश्न सोडवायला ठीक, पण सकाळी शेअर फोल्डर उघडेना तर काय बघायचं हे त्यात सापडत नाही.

तुमच्या पेपरात यावर मराठीत एखादी लेखमाला सुरू करा ही मनापासून विनंती.

एक वाचक, विश्रामबाग, सांगली