शर्टाचा खिसा राहू द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुरुषांच्या औपचारिक पोशाखाविषयी आलेला लेख वाचला. त्यातील रंगसंगती, कॉलर आणि इस्त्री यांविषयीच्या सूचना उपयुक्त आहेत. परंतु ‘चांगल्या शर्टाला छातीवर खिसा नसतो’ हे विधान लेखकाने शिवणकामाचा सर्वमान्य नियम असल्यासारखे ठामपणे केले आहे. अलीकडे तयार शर्ट विकणारेही हाच नियम मानू लागले असल्यामुळे त्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. जो शर्ट कोटाखाली घालायचा आहे त्याला खिसा नसला तरी बिघडत नाही. पण जो शर्ट दिवसभर एकटाच अंगावर राहणार आहे त्याला खिसा असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खिसा नसणे हेच शिष्टसंमत, असे म्हणणारे परंपरेचा दाखला देतात, आणि तो दाखला खोटा नाही. पाश्चात्त्य पोशाखात शर्ट हे मुळात आतले वस्त्र होते. एकोणिसाव्या शतकातील गृहस्थाच्या शर्टाची कॉलर, कफ आणि छातीचा थोडा भाग एवढेच बाहेर दिसत असे. त्यावर वेस्टकोट आणि त्याच्यावर कोट. घड्याळ वेस्टकोटाच्या खिशात आणि कागदपत्रे कोटाच्या आतल्या खिशात, अशी सोय असताना शर्टाला खिसा लावण्याचे कारणच नव्हते. विसाव्या शतकात वेस्टकोट रोजच्या वापरातून गेला, कामाच्या ठिकाणी हळूहळू कोटही उतरला आणि त्या दोहोंच्या खिशांत जे राहत असे ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरला. शर्टावरचा खिसा सर्रास दिसू लागला तो या काळात. आतले वस्त्र बाहेरचे झाले, तेव्हा बाहेरच्या वस्त्राची जबाबदारीही त्याच्यावर आली. परंपरा पाळायचीच असेल तर ती कोटासकट पाळावी. कोट खुंटीला टांगायचा आणि खिसा मात्र कोट अंगात असल्यासारखा गाळायचा, याला परंपरेचा आधार मिळत नाही.

कागदपत्रे तपासणे हे माझे रोजचे काम आहे. एक पेन, वाचायचा चष्मा आणि दुमडलेला एखादा कागद एवढ्या तीन गोष्टी मला सतत हाताशी लागतात. गेल्या वर्षी भेट मिळालेला उत्तम कापडाचा, पण बिनखिशाचा शर्ट मी हौसेने घालून कामावर गेलो. चष्मा पँटच्या पुढच्या खिशात ठेवला होता. खुर्चीवर बसून कागदांवर वाकलो तेव्हा मांडीच्या घडीत चष्म्याची काडी बिजागरीपाशी वाकली, आणि तिथला मोहरीएवढा स्क्रू नंतर खिशाच्या तळाच्या शिवणीत बोटाने चाचपून शोधावा लागला. दोष चष्म्याचा नव्हता. बसता-उठताना माणसाचे शरीर कंबरेत आणि मांडीत दुमडते, छातीचा भाग मात्र जवळजवळ सपाट आणि उभा राहतो. ज्या वस्तू वाकता कामा नयेत त्यांच्यासाठी अंगावर दुसरी इतकी सोयीची जागा नाही. शाईच्या पेनाची क्लिप टोपणाला असते, म्हणून ते या खिशात आपोआप निब वर करून उभे राहते आणि शाई टोपणात उतरत नाही. खिसा डावीकडे असतो कारण बहुतेकांचा उजवा हात तिथे न बघता, सरळ पोहोचतो.

या खिशाने एकेकाळी मोठमोठ्या यंत्रांना आपले माप पाळायला लावले आहे, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. ह्युलेट-पॅकार्ड या कंपनीने १९६८ मध्ये काढलेला टेबलावरचा गणकयंत्राचा नमुना सुमारे १८ किलो वजनाचा होता. कंपनीचे एक संस्थापक बिल ह्युलेट यांनी आपल्या अभियंत्यांना सांगितले की, हेच काम करणारे यंत्र मला माझ्या शर्टाच्या खिशात मावेल एवढे हवे. अभियंत्यांनी तो खिसा प्रमाण मानला आणि १९७२ मध्ये एचपी-३५ हे गणकयंत्र बाजारात आले. त्याला ३५ कळा होत्या म्हणून हे नाव. लॉगरिथम आणि त्रिकोणमिती करणाऱ्या या छोट्या यंत्राने पुढे अभियंत्यांच्या हातातली स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची सरकती पट्टी, कायमची बाजूला केली. त्याआधी, १९५७ मध्ये, सोनीने टीआर-६३ हा ट्रान्झिस्टर रेडिओ खिशात मावणारा म्हणून विकायला काढला, पण तो नेहमीच्या शर्टाच्या खिशापेक्षा किंचित मोठा निघाला. तेव्हा विक्रेत्यांसाठी थोड्या मोठ्या खिशाचे शर्ट मुद्दाम शिवून घेतले, असे कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. हातात मावणाऱ्या संगणकाचा विचार करणारे जेफ हॉकिन्स तर नियोजित यंत्राच्या आकाराचा लाकडी ठोकळा शर्टाच्या खिशात घालून हिंडत, आणि तो काढून-ठेवून कसा वाटतो हे पाहत. त्यातून १९९६ मध्ये पाम पायलट तयार झाले. तीन वेगळे काळ, तीन वेगळी यंत्रे, आणि ‘माणसाजवळ सहज राहू शकेल एवढे’ हे ठरवणारी मोजपट्टी मात्र तिन्ही वेळी एकच. ज्या चौकोनी कापडाच्या तुकड्याला एवढा मान मिळाला, त्याला निरर्थक म्हणताना थोडा विचार व्हायला हवा होता.

आता आक्षेपांकडे येतो. खिशात वजन घातले की शर्ट एका बाजूला ओघळतो, हे खरे आहे. शाईचे डाग पडतात, हेही खरे. या डागांवर तोडगा म्हणून खिशात बसवायच्या संरक्षक पाकिटाचे पेटंट अमेरिकेत हर्ली स्मिथ यांना १९४७ मध्ये मिळाले होते, म्हणजे त्रास जुनाच आहे. सर्वांत मोठी अडचण मोबाइल फोनची. २००७ मधला पहिला आयफोन साडेअकरा सेंटीमीटर लांब आणि १३५ ग्रॅम वजनाचा होता, तो या खिशात नीट बसत असे. हल्लीचे फोन १६ सेंटीमीटरच्या आसपास लांब आणि २०० ग्रॅमच्या आसपास जड असतात. ते खिशाबाहेर डोकावतात आणि माणूस जरा वाकला की जमिनीवर आपटतात. शिवाय पेसमेकर बसवलेल्यांनी फोन त्या जागेपासून किमान सहा इंच दूर ठेवावा, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे, आणि पेसमेकर बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, म्हणजे खिशाच्या लगतच असतो. तेव्हा फोनसाठी हा खिसा नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो. परंतु एक वस्तू खिशात बसत नाही म्हणून बाकीच्या वस्तूंची जागा काढून घेणे मला पटत नाही.

खिसा शर्टाची शोभा घालवतो, हा आक्षेप वाईट शिवलेल्या खिशाला लागू पडतो. चांगला खिसा कसा लावतात ते कोणीही एकदा शिंप्याजवळ बसून पाहावे. पट्ट्यांचे किंवा चौकडीचे कापड असेल तर खिशाचा तुकडा असा बेतावा लागतो की पुढच्या भागावरची प्रत्येक रेघ खिशाच्या तोंडाशी न तुटता तशीच खाली उतरली पाहिजे. मग तोंडाची दुमड घालायची, पुठ्ठ्याच्या साच्यावर कडा आत वळवून इस्त्रीने बसवायच्या, आणि अगदी काठावरून टीप मारत यायचे. हात आत-बाहेर होताना ओढ बसते ती वरच्या दोन कोपऱ्यांवर, म्हणून तिथे छोटा त्रिकोण किंवा उलटसुलट टीप घालून पक्के करायचे. असे काम साधले की चार पावलांवरून खिसा आहे की नाही हेही कळत नाही. रेघा सरळ जाताना दिसतात, एवढेच. यातली एकही पायरी बिनखिशाच्या शर्टाला लागत नाही. कापड कमी लागते, जुळवाजुळव टळते, यंत्रावरचा वेळ वाचतो. शिवणाऱ्याची ही बचत आहे आणि ती करण्याचा त्याला अधिकार आहे. मात्र तीच बचत अभिरुची म्हणून सांगितली जाते, तेव्हा घेणाऱ्याला निदान हे माहीत असावे.

(स्त्रियांच्या शर्टांवर तर कित्येकदा खिशाची नुसती पट्टी शिवलेली असते आणि आत खिसाच नसतो. माझ्या मुलीची ही तक्रार मला अगदी रास्त वाटते. तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.)

खिशाचा आणखी एक उपयोग आता विसरला जात आहे. माझ्या आईने वडिलांच्या निळ्या शर्टाचे विरलेले कोपर दुरुस्त केले तेव्हा तिने नवे कापड शोधले नाही. तिने छातीवरचा खिसा ब्लेडच्या टोकाने एकेक टाका कापत उसवला आणि त्याचेच ठिगळ कोपराला लावले. खिसा शर्टाबरोबरच धुतला गेला होता, त्याच उन्हात वाळला होता, त्यामुळे ठिगळाचा फिका निळा बाहीच्या फिक्या निळ्याशी तंतोतंत जुळला. छातीवर मात्र जिथे खिसा होता तिथे गडद निळा चौकोन उघडा पडला, शर्ट नवा असतानाचा त्याचा मूळ रंग, आणि कडेने सुईच्या भोकांची बारीक रांग. वडील तो शर्ट पुढे कित्येक दिवस घरात घालत असत.

माझी मागणी मोठी नाही. कोटाखाली घालायचे शर्ट आणि नुसते घालायचे शर्ट यांत उत्पादकांनी फरक करावा, आणि दुसऱ्या प्रकारात खिसा द्यावा. तो अशा मापाचा असावा की त्यात चष्मा पूर्ण उतरेल. शिंप्यांनी मापे घेताना कॉलर आणि कफाबरोबर खिशाचेही विचारावे. आणि ज्या उत्पादकांना बिनखिशाचेच शर्ट विकायचे आहेत त्यांनी, शर्टाच्या आतल्या बाजूला जादा बटण शिवून देतात त्याप्रमाणे, त्याच कापडाचा वीतभर तुकडा घडीत ठेवून द्यावा. ज्याला हवा तो त्याचा खिसा लावून घेईल. ज्याला नको त्याला पुढेमागे कोपराला उपयोगी पडेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक