ऑक्टोपसला नऊ मेंदू नसतात

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील ऑक्टोपसवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे. मात्र ‘या प्राण्याला नऊ मेंदू असतात’ हे त्यातील विधान विद्यार्थी जसेच्या तसे पाठ करतील, या धास्तीने हे पत्र लिहीत आहे.

सामान्य ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे 50 कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश आठ भुजांमध्ये असतात, हे खरे. प्रत्येक भुजेतून चेतारज्जू जातो आणि भुजेवरच्या प्रत्येक चूषकाची, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाटीसारख्या अवयवाची, स्वतःची छोटी चेतागुच्छिका (चेतापेशींचा पुंजका) असते. त्यामुळे खडकाच्या फटीत शिरलेली भुजा चूषकांनी स्पर्शाबरोबर चवही घेत, मेंदूच्या बारीकसारीक आज्ञांची वाट न पाहता खेकडा चाचपू शकते. तोडलेली भुजासुद्धा काही काळ टोचल्यावर आक्रसते. पण एवढ्यावरून तिथे मेंदू आहे असे मानायचे, तर तापल्या भांड्यावरून आपला हात झटकन मागे घेणाऱ्या मज्जारज्जूलाही मेंदू म्हणावे लागेल. कोट्यवधी चेतापेशी बाळगणारी आपली आतडी मग का मागे राहावीत?

शिवाय भुजा अगदीच स्वतंत्र नाहीत. जेरुसलेमच्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऑक्टोपसला पारदर्शक चक्रव्यूहात एकच भुजा घालून, डोळ्यांना दिसणाऱ्या खाद्यापर्यंत ती न्यायची होती, आणि बहुतेक प्राण्यांना ते साधले. डोळ्यांनी टिपलेली दिशा भुजेला कळवणारा मध्यस्थ अर्थात मुख्य मेंदूच.

खरा फरक मांडणीत आहे. माणसाच्या एकट्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी एकवटल्या आहेत, तर ऑक्टोपसचा मेंदू अन्ननलिकेभोवती कड्यासारखा बसलेला असतो आणि प्रत्येक घास त्यातून जातो. त्याच्या चेतातंतूंवर आपल्यासारखे मायलिनचे, म्हणजे संदेशांचा वेग वाढवणाऱ्या स्निग्ध पदार्थाचे, आवरण नसल्याने लांबवरचे संदेश मंद चालतात. अशा शरीरात बरीचशी कामे जागच्या जागी उरकणे सोयीचे ठरते. आपला आणि त्याचा समान पूर्वज 50 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा असल्याने हे दोन्ही मोठे मेंदू स्वतंत्रपणे घडले आहेत, आणि नवलाची गोष्ट, माझ्या मते, ही आहे; नऊचा आकडा नव्हे.

लेखासोबतच्या आकृतीत प्रत्येक भुजेच्या मुळाशी एकेक मेंदू काढला आहे. त्याऐवजी भुजेच्या टोकापर्यंत गेलेला चेतारज्जू दाखवून ती आकृती पुन्हा छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक