ओसीटीची मूळ फाईल पेशंटच्या हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एआय आता डोळ्यांचे स्कॅन बघून काचबिंदू वाढतोय की थांबलाय ते सांगणार, अशा बातम्या हल्ली सारख्या येतायत. मला मनापासून बरं वाटतं, कारण माझ्या बाबांना काचबिंदू आहे आणि देवगडहून कधी कोल्हापूर, कधी गोवा, कधी मुंबई अशा आमच्या फेऱ्या चालूच असतात.

मोतीबिंदूसारखं ऑपरेशन केलं की दिसायला लागलं, असं यात नसतं, गेलेली नजर गेलीच. त्यात दुखत नाही, आधी कडेचं दिसायचं कमी होतं, समोरचं बराच काळ ठीक असतं, म्हणून बाबांचं आपलं एकच, "माका सगळा दिसता, मगे कित्याक जावचा?" म्हणून तर ओसीटी, म्हणजे प्रकाशाने काढलेला डोळ्याच्या मागच्या पडद्याचा स्कॅन. डोळ्याच्या नसेतल्या तंतूंचा थर किती जाड आहे ते मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजतात, निरोगी डोळ्यात साधारण 90 ते 100. पण रिपोर्टवरचा हिरवा-पिवळा-लाल रंग हा त्या वयाच्या इतर माणसांशी तुलना करून दिलेला असतो, त्यामुळे एखाद्याचा थर 110 वरून 92 वर आला तरी रिपोर्ट हिरवाच येऊ शकतो! आणि चष्म्याचा मोठा मायनस नंबर असेल तर रोग नसतानाही लाल. खरं काय ते कळतं त्याच माणसाचे जुने-नवे स्कॅन शेजारी ठेवले की, आणि एआयचा उपयोग इथेच आहे, थर खरंच झिजला की डोळा हलल्यामुळे, कोरडा असल्यामुळे आकडा चुकला हे वेगळं करायला. कडेचं किती दिसतं ते बघायला बटण दाबायची फिल्डची टेस्ट असते त्यात वयस्कर माणूस दमतो, दर वेळी निकाल वेगळा, तीही सोबत जोडून बघता येते.

पण जुने स्कॅन आहेत कुठे? आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीतले प्रिंट आहेत, पावसाळ्यात ते एकमेकांना चिकटले आणि एकावर नेमकी आकड्यांच्या जागी बुरशी आली. एका सेंटरमध्ये जुना डेटा मागितला तर मशीन बदललं, आता काही मिळणार नाही म्हणाले. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी थेट जुळत नाहीत, एकीकडे 88 आणि दुसरीकडे 95 आले म्हणजे सुधारणा झाली असं अजिबात नाही. मग एआय तुलना करणार कशाशी?

माझी मागणी साधी आहे. कागदाबरोबर स्कॅनची मूळ डायकॉम फाईल (मेडिकल स्कॅन साठवायचा ठरलेला डिजिटल प्रकार) पेशंटला मिळालीच पाहिजे, पैसे आपण भरतो, डोळा आपला आहे. 2021 मध्ये डिजिटल हेल्थ मिशन सुरू झालं, लोकांनी आभा नंबर, म्हणजे आरोग्याच्या नोंदींचं डिजिटल खातं, काढले, त्या खात्यात हे स्कॅन का येऊ नयेत? जिल्हा रुग्णालयात ओसीटीची सोय कायमची असावी म्हणजे दर वेळी त्याच मशीनवर स्कॅन होईल, घाट उतरून-चढून नवीन ठिकाणी जायला नको. तोवर ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी पुढच्या वेळी पेनड्राईव्ह घेऊन जा आणि फाईल मागा, आणि हो, सख्ख्या भावंडांचे, मुलांचे डोळेही तपासून घ्या, काचबिंदू घराण्यात चालतो.

आपला एक वाचक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग