बोगद्याच्या पलीकडं थांबतो

प्रिय दोस्ता,

परवा वहिनींशी फोनवर बोललो आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. सहा महिने झाले तू साताऱ्याला आईकडे गेला नाहीस, का तर परत येताना खंबाटकीचा बोगदा लागतो आणि त्या बोगद्यात एकदा तुझ्या छातीत धडधडलं, हात गार पडले, गाडी कशीबशी बाहेर काढलीस. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल आलंय, डॉक्टरांनी हा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका, आहे म्हणून सायकॉलॉजिस्टकडे सीबीटीसाठी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचार आणि वागणं तपासून बदलायचे उपचार) जायला सांगितलंय, आणि तू म्हणतोयस की नुसतं बोलून काय होणारे. अरे हेच वाक्य मी चार वर्षांपूर्वी बायकोला म्हणालो होतो. तुला तेव्हा काही कळू दिलं नाही, त्याचं आता वाईट वाटतंय, म्हणून आज सगळं सांगतो.

माझं लोकलमध्ये झालं. डोंबिवलीहून फास्ट पकडली, ठाणं सोडल्यावर गाडी मधेच थांबली, हात वर करता येणार नाही एवढी गर्दी, आणि एकदम श्वास पुरेना, बोटांना मुंग्या, मनात एकच की गेलो आता. घाटकोपरला उतरून रिक्षाने थेट हॉस्पिटल. ईसीजी नॉर्मल. महिन्याभरात अजून दोनदा तसंच झालं, दोन्ही वेळा रिपोर्ट नॉर्मल. मग मी दारापाशीच उभा राहायला लागलो, बॅगेत पाण्याची बाटली पाहिजेच, खिशात जिभेखाली ठेवायची गोळी, बायकोचा फोन चालू. मग फास्ट सोडून स्लो, मग लोकलच बंद.

शेवटी ज्या मॅडमकडे गेलो त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे एम.फिल. केलेल्या, आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेचं, रजिस्ट्रेशन असलेल्या. हे तूही बघून घे, कारण हल्ली छोटासा कोर्स करून लोक काउन्सेलर म्हणून बसतात. मला वाटलं लहानपणाचं उकरून काढतील. त्यांनी नुसता कोरा कागद घेतला आणि विचारलं, पहिल्यांदा अंगात काय जाणवलं? म्हटलं धडधड. मनात काय आलं? हार्ट अटॅक येतोय. मग? घाबरलो. मग धडधडीचं काय झालं? वाढली. त्या एकेक गोष्ट बाणाने जोडत गेल्या आणि कागदावर एक गोल तयार झाला, फिरून फिरून तिथेच येणारा. मी त्या गोलाकडे बघतच राहिलो, कारण इतके महिने मी हृदयाकडे बोट दाखवत होतो आणि त्या गोलात हृदयाचा काही दोषच नव्हता. घाबरलं की अॅड्रेनलिन वाढतं आणि धडधड होते, जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच चक्कर, मुंग्या. त्रास शंभर टक्के खरा, आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतो. पॅनिकचा हा विचार डेव्हिड क्लार्क नावाच्या ब्रिटिश सायकॉलॉजिस्टने १९८६ मध्ये मांडला. सीबीटीची मूळ पद्धत अॅरन बेकची, फिलाडेल्फियातला सायकिअॅट्रिस्ट, त्याने १९६० च्या दशकात डिप्रेशनच्या पेशंटवर काम करताना बसवलेली. पेशंटच्या मनात आपोआप जे विचार झरकन येऊन जातात ते पकडायचे आणि खरे आहेत का ते तपासायचे.

आणि तपासायचे म्हणजे खरोखर करून बघायचे. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, दोन मिनिटं जोरात श्वास घ्या. त्याआधी विचारलं, काय होईल असं वाटतंय आणि किती टक्के खात्री? म्हटलं चक्कर येऊन पडेन, नव्वद टक्के. त्या स्वतः पण माझ्यासोबत करायला लागल्या. दीडच मिनिटात तीच चक्कर, त्याच मुंग्या, अगदी लोकलमधल्यासारख्या, आणि मी खुर्चीतच बसलेलो, मग हळूहळू सगळं उतरलं. परत विचारलं, आता किती टक्के? चाळीस. मला रडूच आलं रे. ही पॉझिटिव्ह थिंकिंगची गोष्ट नाही, "काही होत नाही, हो" असं त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही, मीच बघितलं काय होतं ते.

सगळ्यात अवघड गेलं ते बाटली सोडणं. मी म्हटलं पाणी जवळ असलं तर काय बिघडतं? त्या म्हणाल्या, तुम्ही नीट उतरलात की मन त्याचं श्रेय बाटलीला देतं, गोळीला देतं, फोनला देतं, मग लोकल धोक्याची नाही हे मनाला कळणार कधी? हे वाक्य मला अजून आठवतं. आता तू बघ, बोगदा टाळायचा, काच उघडी ठेवायची, वहिनींना शेजारी बसवायचं, या सगळ्या तुझ्या बाटल्याच आहेत.

मग पायऱ्या ठरवल्या. आधी नुसतं प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं, मग दुपारच्या स्लोने डोंबिवली ते कोपर, मग ठाणे, मग गर्दीची फास्ट, शेवटी बाटली गोळी दोन्ही घरी ठेवून. प्रत्येक वेळी वहीत लिहायचं, आधी काय वाटलं आणि प्रत्यक्षात काय झालं. हा गृहपाठ टाळला की काही उपयोग नाही, मधे दोन आठवडे मी टाळला आणि तिथेच अडकलो. बारा सेशन झाले, साधारण पाऊण तासाचं एकेक. काहींना सोबत गोळ्याही लागतात, त्यात कमीपणा नाही. मागच्या पावसाळ्यात मला परत एकदा पॅनिक अटॅक आला, कुर्ल्याच्या आधी. उतरलो नाही. धडधड चालू होती, मी उभा होतो, दादरपर्यंत ती गेलेली.

तू एवढं कर, या आठवड्यात अपॉइंटमेंट घे. बोगद्याची पायरी येईल तेव्हा मला सांग. शेजारी मी बसणार नाही, नाहीतर मीच तुझी बाटली होऊन बसेन, पण बोगद्याच्या पलीकडं, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूला रस्त्याकडेच्या टपरीवर चहा सांगून तुझी वाट बघत थांबेन. आईंना नमस्कार सांग.

तुझाच,
डोंबिवलीकर