जूनमधल्या धावेबद्दल, सविस्तर

मँचेस्टर

ती. आई आणि आप्पा,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की आप्पा "बघा बुवा" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई "कसाले पण?" एवढंच विचारून वहिनीच्या तब्येतीवर जाते. म्हणून लिहूनच पाठवते आहे. दादाला सांगितलंय की मोबाइलवर घाईघाईने वाचून दाखवू नकोस, चोपड्यातून छापून आण. आप्पांना चष्मा लावून सावकाश वाचू दे.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी मी ईडेल नावाच्या खेड्यातून निघून डोंगरमाथ्यावरून हेब्डन ब्रिज गाठणार आहे. सुमारे ७० किलोमीटर. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, हारतुरे तर नाहीतच. पेनाइन वे नावाची ४३१ किलोमीटरची पायवाट आहे, त्यातला हा पहिलाच तुकडा, आणि चिखलासाठी सगळ्यात बदनाम. "धावणार" म्हणते खरी, पण चढ मी चालतच चढते. सोळा-सतरा तास धरलेत.

आप्पा, तिथली माती तुम्ही हातात घेतलीत तर ही मातीच नाही म्हणाल. आपली काळी जमीन चिकणमातीची. पाऊस पडला की फुगते आणि चैत्र-वैशाखात आकसून मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिकडच्या मातीला पीट म्हणतात, आणि ते आहे अर्धवट कुजलेलं शेवाळ. बारमाही पाऊस, गारठा आणि साचलेलं पाणी, त्यामुळे आत हवा शिरत नाही आणि मेलेलं शेवाळ पुरतं कुजत नाही. थरावर थर चढतो, तोही वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. काही ठिकाणी हा थर दोन-तीन मीटर खोल आहे. म्हणजे तळाचं शेवाळ किती हजार वर्षांपूर्वीचं, तुम्हीच हिशेब करा. एवढं पाणी असून पीक काही नाही, कारण जमीन आंबट. मेंढ्या चरतात आणि हेदर नावाची बुटकी झुडपं वाढतात. बोअरसाठी आपण किती फूट खाली गेलो ते आठवून तुम्ही कपाळाला हात लावणार, हे मला दिसतंय.

पाय अडकण्याची तऱ्हाही वेगळी. आपल्या वावरात चिखलाचे गोळे चपलेला लागतात, पाय जड होतो, पण खाली घट्ट जमीन असते. तिथं पाय सरळ आत जातो, कधी घोट्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत. जिथं जास्त चकचकीत हिरवं दिसतं तिथं हमखास. म्हणून हिरवं दिसलं की वळसा, हे आधी शिकून घेतलं. गेल्या महिन्यात किंडर स्काउटच्या पठारावर (६३६ मीटर, आपल्या तोरणमाळपेक्षा बरंच कमी, पण गारठा विचारू नका) दिवसभर हेच केलं. नकाशा, होकायंत्र आणि वळसे. धुकं आलं की दहा पावलांवरची मेंढी दिसत नाही आणि फोनची बॅटरी थंडीत उतरते. म्हणून कागदी नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यातच राहणार.

सगळीकडे असाच रबडा आहे असं मात्र नाही. इथल्या कापडगिरण्यांच्या धुराने शंभर-दीडशे वर्षं या डोंगरांवर काजळी धरली, शेवाळ मेलं, उघडी पडलेली पीट वाहून गेली. वर चालणाऱ्यांच्या पायांनी वाट रुंद झाली, कुठे कुठे तर शेताएवढी. मग बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीवरच्या दगडी फरशा उचलून त्या वाटेवर अंथरल्या. लांबच लांब रांग, दोन्ही बाजूंना काळं पाणी आणि मध्ये फरशी. पहिल्यांदा त्यावरून गेले तेव्हा मोठ्या आबांची आठवण झाली. ते सांगायचे ना, अमेरिकेत लढाई झाली तेव्हा खान्देशात कापसाला सोन्याचा भाव आला होता? ती १८६१ ते १८६५ ची लढाई. अमेरिकेचा कापूस बंद झाला म्हणून इकडच्या लँकेशायरच्या गिरण्या ठप्प झाल्या, मजूर उपाशी राहिले आणि व्यापारी मुंबईच्या कापसाच्या मागे लागले. त्यात आपल्याकडचाही होता. फरशा ओल्या असल्या की भयंकर घसरतात, तो भाग वेगळा.

आणि आप्पा, खास तुमच्यासाठी. किंडरच्या माथ्यावर पूर्वी सामान्य माणसाला पाऊल ठेवायची बंदी होती. जमीनदारांची शिकारीची रानं होती ती. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर आणि आसपासची कामगार पोरं जमावाने वर चढली, रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. पेनाइन वे अधिकृतपणे खुली झाली तीही २४ एप्रिललाच, १९६५ साली. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको करून तुम्ही एक रात्र कोठडीत काढलीत, तेव्हा ही पोरं तुमच्याच जातकुळीतली.

आता आईचा प्रश्न. पडलीस, हरवलीस तर?

माझी निम्मी तयारी थांबायचं कुठे याचीच आहे. तुझे जावई गाडी घेऊन तीन ठिकाणी उभे राहतील. पहिलं क्राउडन, तिथं साडेदहाच्या आत पोचले नाही तर खेळ खलास, गाडीत बसायचं. दुसरं स्टँडएज, तिथून मार्सडनचं रेल्वे स्टेशन जवळ आहे. तिसरं ब्लॅकस्टोन एजच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यावर. पुढे जायचं की नाही हे तुझे जावईच ठरवणार, मी नाही. अंग भिजलं, वर वारा लागला की जूनमध्येसुद्धा माणूस गारठतो, आणि गारठलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असंच वाटत राहतं. म्हणून निर्णय कोरड्या माणसाकडे. आदल्या दिवशीच्या अंदाजात जोराचा वारा दिसला तर पंधरा दिवस पुढे. उन्हाळा कोरडा गेला तरी पुढे, कारण वाळलेली पीट पेटते आणि आतल्या आत धुमसते. २०१८ च्या जूनमध्ये सॅडलवर्थच्या माळावर एवढी आग लागली की लष्कर बोलवावं लागलं.

पाठीवर पाण्याची पिशवी, रेनकोट, कोरडे लोकरी मोजे, अंगाभोवती गुंडाळायची चकाकती पिशवी आणि शिट्टी. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, ही इथली मदतीची खूण. डोंगरात अडकलेल्यांना काढणारे लोक स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. (आई, हे वाचून लगेच मनुदेवीला नवस बोलू नकोस. बोललीसच तर तो माझ्या पायांनी फेडायचा नको, एवढं बघ.)

उजेडाची काळजी नाही. जूनमध्ये इथं पहाटे पावणेपाचला सूर्य उगवतो आणि रात्री साडेनऊ उलटल्यावर मावळतो. मात्र तुमचं घड्याळ साडेचार तास पुढे. मी रात्री साडेनऊला पोचले तर तुमच्याकडे दोन वाजलेले असतील. जागत बसू नका. माझा ठिपका दादाच्या मोबाइलवर नकाशात सरकताना दिसेल, पण डोंगराच्या आडोशाला तो तासभर जागचा हलत नाही. तसं झालं म्हणून जिभाऊंना झोपेतून उठवून गावभर करू नका. पोचल्यावर हे मेसेज टाकतील, सकाळी मी फोन करीन.

आखाजीला येता येणार नाही, याचं मलाही वाईट वाटतंय. रजा या धावेत आणि तिच्या नंतरच्या लंगडण्यात जाणार. वहिनीला म्हणावं, माझ्या वाटणीचा झोका तू घे. कानबाईला नक्की येते, तिकीट काढलंय.

आप्पा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा, मनात ठेवू नका.

तुमची,
वैशू

ता. क. आई, चोपड्याचा एक मुलगा मेच्या शेवटी इकडे येतोय. त्याच्याकडे बिबड्या दे, तिखट-मीठ जरा जास्त घालून. दहा तासांनी गोड खाऊन खाऊन मळमळतं आणि इथली दुकानातली खारी बिस्किटं मला गिळवत नाहीत. डब्यात नको, डब्यात निम्म्या मोडतात. मोडलेल्याच पाठव, पिशवीत भरून. मला तशाही चुराच लागणार.