‘सी’ काविळीचं औषध मोफत, पण टॅक्रोलिमसची लेव्हल कोण बघणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२८ जुलैच्या जागतिक हिपॅटायटिस दिनानिमित्त ‘सी’ काविळीच्या मोफत उपचारांची माहिती वाचली. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं मिळतात आणि त्यांनी गुण येतो. माझा धाकटा भाऊ त्यांनीच बरा झाला. तरीही किडनी बसवलेल्या रुग्णांसाठी एक गोष्ट लिहायलाच हवी.

भाऊ तीन वर्षं डायलिसिसवर होता. आईची किडनी बसली आणि वर्षभराने रक्तात ‘सी’चा विषाणू निघाला. पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत. त्यांनी प्रतिकारशक्ती चेतते आणि शरीर नवी किडनी नाकारू शकतं, म्हणून अशा रुग्णांना ती शक्यतो देत नसत. आता सोफोसबुविर-वेल्पाटास्विरची रोज एक गोळी, १२ आठवडे. आम्हाला वाटलं, सुटलो.

नवव्या आठवड्यात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, १.२ वरून १.७ वर गेलं. रिपोर्ट हातात धरून आई म्हणाली, “माझीच किडनी कमी पडली का रे?” शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून भाऊ टॅक्रोलिमसच्या गोळ्या घेतो. तिची रक्तातली लेव्हल काढली, तर ६.५ ची ३.४ झालेली. एकही गोळी चुकली नव्हती! विषाणू हटला की यकृत सावरतं आणि टॅक्रोलिमसचा निचरा जास्त वेगाने करतं. मग तोच डोस अपुरा पडतो. डोस वाढवला, किडनी वाचली. आमचे दोन्ही डॉक्टर मनापासून बघणारे, पण यकृताचे डॉक्टर व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती उरला ते, बघत होते आणि किडनीची पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची होती. मधल्या आठवड्यांत लेव्हल बघणं कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

नंतर दर पंधरा दिवसांनी लेव्हल काढली, पदरचे पैसे घालून. रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावं लागतं. भाऊ शर्टाच्या खिशात गोळी ठेवून लॅबच्या बाकावर बसायचा. एकदा तिथल्या मुलाने “गोळी खाऊन या” म्हणून परत पाठवलं. त्या दिवशीची लेव्हल फुगूनच आली.

ॲसिडिटीच्या गोळीचंही तसंच. स्टिरॉइडबरोबर ती बहुतेकांना चालू असते, पण पँटोप्राझोलसारख्या गोळीने वेल्पाटास्विर नीट शोषलं जात नाही. मोफत औषध हातात देताना रुग्णाच्या चालू गोळ्यांची यादी कुणीतरी वाचायला नको का? टॅक्रोलिमसऐवजी सायक्लोस्पोरिन या औषधावर असलेल्यांनी तर आधी विचारायलाच हवं, कारण ‘सी’ची काही औषधं त्याच्याबरोबर चालत नाहीत.

आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे. किडनी बसवलेल्या रुग्णाला ही औषधं देताना उपचार संपेपर्यंत आणि पुढचे काही महिने टॅक्रोलिमसची लेव्हल आणि क्रिएटिनिनही मोफत तपासून द्या. त्या तारखा औषधाच्या कार्डावरच लिहा आणि कार्ड किडनीच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचेल असं बघा.

आपली,
एका किडनी रुग्णाची बहीण, सातारा